एक रंग, दोन यंत्रे

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात निंबर्गा नावाचे गाव आहे. महाराष्ट्राची सीमा तेथून दूर नाही. त्यामुळे कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा त्या भागातील माणसांच्या कानांवर लहानपणापासून पडतात, आणि बाजार कधी कलबुर्गीचा तर कधी सोलापूरचा असतो. जमीन काळी आणि पीक मुख्यत्वेकरून तुरीचे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून डाळीबरोबर तिच्या नावालाही किंमत आली. पूर्वी डाळ पोत्यातून जात असे, आणि पोत्याला रंगाचे सोयरसुतक नसते. आता ती पुड्यांतून जाऊ लागली आहे, आणि पुडा म्हटला की त्यावर लेबल आले, लेबलावर चित्र आले आणि चित्राबरोबर रंग आला.

अशी कल्पना करावी की त्या परिसरातील काही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपली डाळ आपणच भरून विकावयाचे ठरविले. धंदा नवा, भांडवल बेताचे. म्हणून आरंभी पाचशेच लेबले डिजिटल यंत्रावर छापून घेतली. लेबलावर पिवळीधमक डाळ, तिच्याखाली तांबडी पट्टी आणि कोपऱ्यात तुरीचे हिरवे पान. सोलापूरच्या दुकानदाराने तो पुडा फळीवर ठेवला. डाळ चांगली शिजते असा बोभाटा झाला आणि गिऱ्हाईक नाव न वाचता रंगावरूनच पुडा मागू लागले. पुढल्या हंगामात वीस हजार लेबले हवी होती. एवढी संख्या असली म्हणजे ऑफसेट स्वस्त पडते, म्हणून काम ऑफसेटवर गेले. चित्र तेच, मजकूर तोच, संगणकातील फाइलही तीच. परंतु छापून आले तेव्हा पिवळा किंचित हिरवटाकडे झुकलेला आणि तांबडा विटकरी झालेला. दुकानदाराने जुना पुडा आणि नवा पुडा शेजारी शेजारी ठेवले आणि एकच प्रश्न विचारला, “यातला खरा कोणता?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या मालाची नक्कल होऊ शकते त्या मालाचे गिऱ्हाईक रंगातील फरकाचा अर्थ भेसळ असाच लावते. शेतकऱ्याने हंगामभर राखलेली पत येथे छापखान्यातल्या एका छटेवर येऊन टेकते. अशा वेळी छापखान्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते: “दोन मशीन म्हटल्यावर एवढा फरक पडायचाच.” हे उत्तर अर्धे खरे आहे. फरक पडतो हे खरे. परंतु किती पडावा, कोणत्या रंगात पडावा आणि तो आधी सांगता यावा की नाही, हे बरेचसे माणसाच्या हाती आहे.

फरक का पडतो हे समजण्यासाठी दोन्ही यंत्रांच्या पोटात डोकावले पाहिजे.

ऑफसेटचे मूळ दगडात आहे. १७९६ च्या सुमारास बव्हेरियातील आलोइस सेनेफेल्डर याने असे पाहिले की चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर स्निग्ध पदार्थाने काही लिहिले आणि दगड ओला केला, तर तेलकट शाई लिहिलेल्या जागीच धरते. ओली जागा तिला दूर सारते. हीच शिळामुद्रणाची युक्ती. ज्यांच्या घरात शहाबादी फरशी आहे त्यांना चुनखडीचा दगड म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचा तो दगड याच जातीचा. मात्र छपाईला लागणारा अतिशय बारीक कणांचा दगड बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या खाणींतून येई. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवरच. पुढे दगडाची जागा धातूच्या पत्र्याने घेतली. १९०४ साली अमेरिकेत आयरा रुबेल नावाच्या मुद्रकाच्या यंत्रात एकदा कागदाचा ताव घालावयाचा राहून गेला. छाप रबरावर उमटला, आणि पुढच्या तावाच्या पाठीवर त्या रबराने उमटविलेला छाप पत्र्याच्या छापापेक्षा अधिक स्वच्छ निघाला. तेव्हापासून प्लेटवरून रबरी ब्लँकेटवर आणि ब्लँकेटवरून कागदावर असा शाईचा प्रवास सुरू झाला. ऑफसेट ते हेच.

तात्पर्य, ऑफसेट हा पाणी आणि तेल यांच्यातील समेटावर चालणारा कारभार आहे. पाणी थोडे अधिक झाले की रंग फिका पडतो आणि कमी झाले की कोरी जागाही मळते. यंत्र चालू झाल्यावर हा समेट जमेपर्यंतचे ताव बाजूला टाकावे लागतात. जमल्यावरही मशीनमनचा हात शाईच्या किल्ल्यांवर आणि डोळा तावावर सारखा असावा लागतो. शाईचा थर तरी केवढा? सुकल्यावर सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात शाई ओली असताना चकाकते आणि सुकली की थोडी मंदावते. ओल्या तावाशी नमुना जुळवून “झाले” म्हणणाऱ्याचा दुसऱ्या दिवशी हिरमोड होतो तो त्यामुळेच.

डिजिटल यंत्राची तऱ्हा वेगळी. त्याला प्लेट नाही. भुकटीच्या शाईचे म्हणजे टोनरचे यंत्र घेतले तर त्यात प्रकाशाने एका दंडगोलावर विजेच्या भाराचे अदृश्य चित्र रेखाटले जाते. त्याला रंगीत भुकटी चिकटते, ती कागदावर उतरते आणि उष्णतेने वितळून तेथेच बसते. प्रत्येक प्रत नव्याने रेखाटली जाते. १९९३ साली इंडिगो आणि झायकॉन या दोन कंपन्यांची रंगीत डिजिटल यंत्रे बाजारात आली, तेव्हापासून थोड्या प्रती स्वस्तात काढण्याचा मार्ग मोकळा झाला. भुकटीचा थर कागदात मुरत नाही, तर त्याच्या पृष्ठभागावर बसतो. म्हणून त्याला एक प्रकारची तकाकी असते आणि रंग भडक वाटतो. परंतु हवेतील ओल, यंत्राची उष्णता आणि दंडगोलाचे वय यांनी त्याचा रंग सकाळी एक, संध्याकाळी दुसरा असा हलतो. मैफलीपूर्वी तंबोरा लावावा तसे हे यंत्र रोज लावून घ्यावे लागते. जे लावीत नाहीत त्यांच्याकडील पाचशे लेबलांतही पहिले आणि शेवटचे यांची गाठ पडत नाही. मग ऑफसेटला दोष कशाला द्यावयाचा?

दोन्ही यंत्रांची मूळ अक्षरे मात्र चारच: सायन म्हणजे हिरवट निळा, मॅजेंटा म्हणजे जांभळट तांबडा, पिवळा आणि काळा. भिंग घेऊन ऑफसेटचे कोणतेही रंगीत चित्र पाहिले तर या चार रंगांचे ठिपके दिसतात. केशरी नावाची शाई तेथे नसते. पिवळ्या आणि मॅजेंटाच्या ठिपक्यांतून डोळाच केशरी रचतो. आणि हे ठिपके दाबाखाली फुगतात. प्लेटवर अर्धी जागा व्यापणारा ठिपका कागदावर साठ-पासष्ट टक्के जागा व्यापल्यासारखा दिसतो. ही फुगवट ऑफसेटची एक, टोनरची दुसरी आणि हलक्या कागदावर तिसरीच. फाइलमध्ये “मॅजेंटा पन्नास” असे लिहिले म्हणजे सर्व यंत्रे एकच रंग देतील, ही समजूत येथेच कोसळते. तो आकडा रंगाचा नव्हेच. किती शाई घालावयाची याचा तो हुकूम आहे. एकाच पाककृतीने दोन घरच्या आमट्या सारख्या होत नाहीत, तसलाच हा प्रकार. पिवळ्या डाळीत सायनचे चार ठिपके अधिक फुगले की डाळ हिरवी दिसू लागते. निंबर्ग्याच्या लेबलाचे दुखणे बहुधा तेच असावे.

दोन निरनिराळ्या साधनांतून एकच रंग काढावयाचा, हे कोडे संगणकाने आणले असे मानणे हा इतिहासावर अन्याय होईल. याच कलबुर्गी जिल्ह्यात गाणगापूर आहे. तेथून आणि अक्कलकोटहून परतणारा यात्रेकरू घरी देवाची तसबीर आणी, आणि त्या तसबिरींत रविवर्मा छापखान्याच्या दत्ताचे चित्र अनेक घरी असे. त्या छापखान्यापुढेही हाच प्रश्न उभा होता.

राजा रविवर्मा यांनी आपली तैलचित्रे छापून घरोघरी पोचवावीत अशी सूचना सर टी. माधवराव यांनी केली होती. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तैलरंगातील चित्र दगडावरून छापावयाचे म्हणजे पहिले काम रंगांची फोड करण्याचे. कसबी कारागीर मूळ चित्रापुढे बसे आणि नजरेने ठरवी की शकुंतलेच्या गालावरची छटा कोणत्या रंगांच्या थरांनी उभी राहील. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, प्रत्येक दगडावर ठिपक्या-ठिपक्यांनी हाताने काढलेला त्याचा वाटा, आणि मग एकाच तावावर एकामागून एक दगड छापावयाचे. प्रत्येक थरानंतर ताव पाहावयाचा, मूळ चित्राशी ताडावयाचा. तैलरंगाची खोली दगडाच्या छापाला येत नाही हे त्या कारागिराला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने खोलीचा हट्ट धरला नाही. त्वचेची छटा, साडीचा काठ, दागिन्याचे सोने या नजरेत भरणाऱ्या जागा त्याने सांभाळल्या आणि पार्श्वभूमीच्या अंधाराला थोडी सूट दिली. काय राखावयाचे आणि काय सोडावयाचे याची निवड त्याने पहिला दगड छापण्यापूर्वीच केलेली असे.

त्याची एक सोय मात्र आज गेली आहे. गालाची छटा साधत नसेल तर तो आणखी एक दगड वाढवू शके. याच छापखान्यासाठी काम केलेले धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो, ते १९०९ साली रंगीत छपाईची नवी विद्या आणि यंत्रसामग्री आणण्यासाठी जर्मनीस गेले होते. त्या काळात तीन रंगांची छपाई पुढे येत होती: छायाचित्राच्या साहाय्याने चित्राची तीन मूळ रंगांत फोड करावयाची आणि तीन छापांत सारे रंग उभे करावयाचे. पुढे तिला काळ्याची जोड मिळाली. वेग वाढला, खर्च उतरला, आणि छापणारा चार शायांच्या चौकटीत कायमचा बसला. आजचे ऑफसेट आणि डिजिटल ही दोन्ही त्याच चौकटीची लेकरे. लेबलावरील तांबडी पट्टी चार रंगांतून न काढता त्या तांबड्याची स्वतंत्र शाई मळून पाचव्या प्लेटने छापणे, ज्याला छापखान्यात स्पेशल कलर म्हणतात, ते जुन्या जादा दगडाचेच पुनरागमन आहे. अमेरिकेतील पँटोन कंपनीने १९६३ साली अशा शायांची क्रमांक घातलेली नमुनापुस्तिका काढली, त्यामुळे “जरा गडद तांबडा” असे मोघम बोलण्याऐवजी क्रमांक सांगता येऊ लागला. ज्या मालाची ओळख एकाच रंगावर उभी आहे त्याने या जादा शाईचा खर्च अवश्य करावा. बाकीच्यांनी चार शायांत संसार करावा. लहान डिजिटल यंत्रावर मात्र हा पाचवा रंग बहुधा नसतो, ही अडचण लक्षात ठेवली पाहिजे.

यंत्र आणि शाई यांच्याइतकाच रंग कागदाचाही असतो, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बिदरच्या कारागिराला हे सांगावे लागत नाही. जस्त आणि तांबे यांच्या मिश्र धातूवर तो चांदीचे काम करतो आणि मग बिदरच्या किल्ल्यातील माती नवसागरासह वापरून धातू काळाभोर करतो. काळा रंग तो वरून लावीत नाही. तो धातू आणि मातीच्या मेळातून उमटतो. म्हणूनच योग्य माती निवडणे हा त्या कलेचा अर्धा भाग समजतात. छपाईतही शाई पारदर्शक असते. तिच्यातून खालचा कागद दिसतो, आणि तो पिवळट असेल तर वरचा प्रत्येक रंग पिवळट होतो. त्यात आजचे बरेच कागद फार “पांढरे” असतात. धोतराला नीळ द्यावी तशी त्यांना रासायनिक उजळणी दिलेली असते. नीळ केवळ पिवळेपणा झाकते. ही द्रव्ये उन्हातील अदृश्य अतिनील किरण शोषून त्यांचा निळसर प्रकाश करून परत देतात. म्हणून असा कागद दाराशी नेला की निळसर पांढरा दिसतो आणि अतिनील किरण नसलेल्या दिव्याखाली मळका. डिजिटलसाठी एक कागद आणि ऑफसेटसाठी “त्याच वजनाचा” दुसरा कागद घेतला की दोन्ही यंत्रे कितीही चांगली लावली तरी फरक राहणार. वजन सारखे असणे म्हणजे रंग सारखा असणे नव्हे.

प्रकाशाची गोष्ट निघालीच आहे तर आपल्याकडील स्त्रियांचे शहाणपण येथे नमूद केले पाहिजे. लुगडे घेताना दुकानातल्या दिव्याखाली त्यांचे समाधान होत नाही. दुकानदार कितीही सांगो, त्या पदर उचलून पायरीपर्यंत येतात आणि उजेडात पाहतात. दोन रंग एका उजेडात जुळे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात परके होतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. शास्त्रज्ञ याला मेटामेरिझम म्हणतात. टोनरचा पिवळा आणि ऑफसेट शाईचा पिवळा ही निरनिराळी द्रव्ये आहेत. एका दिव्याखाली ती जुळविली म्हणून दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली जुळतीलच असे नाही. म्हणून छपाईच्या जगाने पाहणीचा उजेडच ठरवून टाकला आहे: सुमारे ५००० केल्विनचा, मध्यान्हीच्या आसपासच्या उन्हासारखा. आपल्याकडील लहान छापखान्यांत मात्र नमुना पास होतो तो कधी ट्यूबलाइटखाली, कधी दारातील संध्याकाळच्या तांबूस उन्हात, आणि आता तर मोबाइलवर. मोबाइल हा या भांडणातील तिसरा आणि सर्वांत खोटा साक्षीदार. त्याचा पडदा स्वतः उजळतो, त्यात लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळतो. त्यावर दिसणारा झळझळीत नारिंगी किंवा गर्द निळा चार शायांना कधी पेलणारच नसतो. मोबाइलवर पास केलेला रंग कागदावर मागणे म्हणजे आरशातील दिव्याने घर उजळावयास सांगणे होय.

मग रंगाला भाषा कोणती द्यावयाची? शब्द अपुरे, नमुना फिका पडणारा, नजर थकणारी. यावर विसाव्या शतकाने अंकांचा उपाय काढला. १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने, ज्याला सीआयई म्हणतात, माणसाच्या सरासरी नजरेचे मोजमाप निश्चित केले, आणि कोणताही रंग तीन अंकांत सांगता येऊ लागला. भारताने या भाषेचा उपयोग फार मानाच्या ठिकाणी केला आहे. स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने जे पहिले मानक तयार केले ते राष्ट्रध्वजाचे, १९५१ साली. ध्वजाच्या मानकात रंग केवळ “केशरी” अशा शब्दाने सांगून सोडलेला नाही. त्यातील केशरी म्हणजे सीआयईच्या मापात ०·५३८ आणि ०·३६० या निर्देशांकांचा आणि २१·५ टक्के तेजस्वितेचा रंग. हुबळीजवळ बेंगेरी येथील खादी संघात ध्वजाचे कापड तपासताना डाव्या-उजव्या नजरेचा वाद होऊ नये, यासाठी हे अंक. ज्या रंगावरून माणसे भावनेने बोलतात त्याच रंगाला अंकांची सर्वांत अधिक गरज असते.

१९७६ साली सीआयईने याच मापाची सुधारलेली रचना दिली. तिच्यात दोन रंगांमधील अंतर एका संख्येने सांगता येते. तिला डेल्टा ई म्हणतात. अंतर एकच्या आसपास असेल तर सराईत नजरेलाही फरक जेमतेम कळतो. ऑफसेटच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएसओ १२६४७ च्या दुसऱ्या भागात, मूळ शायांच्या भरीव छापाला ५ पर्यंतची सूट आहे. पुढे १९९३ साली आंतरराष्ट्रीय रंग संघटना स्थापन झाली आणि तिने प्रत्येक यंत्राच्या स्वभावाचा एक अंकी आलेख, ज्याला प्रोफाइल म्हणतात, ठेवण्याची पद्धत रूढ केली. हा आलेख दुभाष्याचे काम करतो. कानडी समजणारा आणि मराठी समजणारा यांच्यामध्ये आळंदच्या बाजारात दोन्ही भाषा जाणणारा माणूस उभा असावा, तसा तो फाइल आणि यंत्र यांच्यामध्ये उभा राहतो. “हा अमुक रंग हवा” हे एकीकडे ऐकतो, आणि “त्यासाठी तू मॅजेंटा इतका कमी घाल” असे दुसरीकडे सांगतो. मात्र यंत्राचा स्वभाव रोज बदलत राहिला तर दुभाष्याचे ज्ञान शिळे होते. म्हणून आधी यंत्र लावणे आणि मग आलेख, हा क्रम उलटता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. दोन यंत्रांत कोणी कोणाशी जुळवून घ्यावयाचे? नवखा माणूस उलटा मार्ग धरतो. प्रथम डिजिटलवर भडक, देखणा नमुना काढतो, गिऱ्हाईक खूष होते, आणि मग ऑफसेटने त्या भडकपणाच्या मागे धावावे असा आग्रह धरतो. मशीनमन बिचारा शाई वाढवितो. शाई मागच्या तावाला लागते, सुकत नाही, अक्षरे बुजतात, आणि तरीही तो भडकपणा येत नाही, कारण तो ऑफसेटच्या आवाक्यातच नसतो. जे काम पुढे ऑफसेटवर जावयाचे आहे, त्याचे डिजिटल नमुने पहिल्या दिवसापासून ऑफसेटच्या मर्यादेत काढावयास हवेत. डिजिटलचा आवाका बहुधा मोठा असतो. मोठ्याला लहान होता येते, लहानाला मोठे होता येत नाही. निंबर्ग्याच्या शेतकऱ्यांना पहिली पाचशे लेबले थोडी कमी झळाळणारी मिळाली असती तर त्यांचे काहीच बिघडले नसते. डाळ तीच असती, आणि दुसऱ्या हंगामाचा पुडा पहिल्याचा भाऊ दिसला असता. ज्या छापखान्याला पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाला खूष करण्याचा मोह आवरत नाही, त्याने पुढल्या वर्षीचे भांडण त्याच दिवशी छापून ठेवले असे समजावे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. रंग मोजणारी उपकरणे महाग. सीमाभागातील लहान छापखान्याने ती कोठून आणावीत? उपकरण असेल तर उत्तमच, परंतु त्याच्याविनाही बरेच साधते. तावाच्या कडेला चार रंगांच्या भरीव चौकोनांची आणि अर्ध्या ठिपक्यांच्या चौकोनांची पट्टी छापावी. तिच्यात एक करडा चौकोन तीन रंगांच्या मिश्रणाचा आणि शेजारी दुसरा केवळ काळ्या ठिपक्यांचा असावा. हे दोन करडे सारखे दिसतात तोवर तिन्ही रंगांचा तोल बहुतांशी ठीक. मिश्र करडा तांबूस किंवा हिरवट होऊ लागला की कोणता रंग सुटला ते पट्टीच सांगते. डोळा भडक रंगात फसतो, करड्यात सहसा फसत नाही. छापखान्याच्या एका कोपऱ्यात ठरलेला दिवा लावून भोवतालची भिंत करडी करून घ्यावी, आणि नमुने तेथेच पाहावेत. दोन्ही यंत्रांसाठी कागद एकाच गिरणीचा, एकाच जातीचा घ्यावा. सोलापूरचा विणकर एका चादरीचे सूत एकाच घाण्याचे घेतो. कागदाच्या बाबतीतही तोच विवेक हवा. प्रत्येक कामाची कागद, शाई, तारीख आणि यंत्र यांची नोंद वहीत राहिली तर पुढल्या वर्षी मशीनमन बदलला तरी रंग बदलावयाचे कारण उरत नाही. कित्येक छापखान्यांत हे सारे ज्ञान एका जुन्या माणसाच्या डोळ्यांत असते आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाते.

सीमाभागातील कामाला आणखी एक पैलू आहे, तो जाता जाता सांगावा. लेबलावर कानडी आणि मराठी दोन्ही मजकूर असतो, आणि अक्षरे बारीक असतात. ही अक्षरे चार रंगांतून काढली तर प्लेटा केसभर सरकल्या तरी कानडीची गोलाई आणि देवनागरीचा काना दोन्ही दुहेरी दिसू लागतात. बारीक मजकूर केवळ काळ्यातच ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र बहुधा निराळ्याच पद्धतीने, खोदलेल्या दंडगोलांवरून छापल्या जातात. तेथे रंग जुळविण्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

एवढे सगळे करूनही काही रंग जुळणार नाहीत. झगझगीत नारिंगी, गर्द जांभळट निळा, पोपटी हिरवा यांच्या बाबतीत ऑफसेटच्या चार शाया थिट्या पडतात. सोनेरी आणि रुपेरी यांची तर गोष्टच नको. हे गिऱ्हाइकाला आधी सांगणे हा धंद्याचा तोटा नव्हे. उलट, दोन्ही यंत्रांवर काढलेले नमुने शेजारी शेजारी ठेवून “येथपर्यंत जुळेल, येथे जुळणार नाही” असे दाखविणाऱ्या छापखान्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. मग जो नमुना मान्य होईल त्याच्या दोन प्रती पूर्ण सुकल्यावर काढून घ्याव्यात, दोन्हींवर दोन्ही पक्षांनी तारीख घालून सही करावी, आणि एक छापखान्यात, एक शेतकऱ्यांच्या कचेरीत राहावी. ती भिंतीवर लावू नये. उन्हाने मॅजेंटा आणि पिवळा आधी उडतात, आणि वर्षाने तोच नमुना खोटी साक्ष देऊ लागतो. जाड पाकिटात, अंधाऱ्या खणात, कोरड्या जागी ती ठेवावी, आणि तूर खळ्यावर येऊन नव्या लेबलांची मागणी गेली की त्याच ठरलेल्या दिव्याखाली ती बाहेर काढावी.